नव्या गाडीची पहिली फेरी

त्या गुरुवारी नव्या गाडीत बसलेलो आम्ही चौघं. माझी आई लक्ष्मी, मी, गाडीचे मालक नानासाहेब आणि त्यांच्या मंडळी माईसाहेब. मठाच्या दारात उभे होते दादाबुवा, डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, आणि आरतीला आलेली बाकीची माणसं, त्यांची नावं आता माझ्या ध्यानात नाहीत. लालबागला घरी माझा धाकटा भाऊ बाबी, शेजारच्या गंगूमावशीच्या मांडीवर. आणि माझे बाबा. ते कुठे होते हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर हे सगळं झालं. यातली आता मी एकटी राहिलेय. बाबी आहे, पण तो तेव्हा अंगावर पिणारा, त्याला काय आठवणार. मी चौथीपर्यंत शिकले, लिहायला बसले की हात दुखतो. नात म्हणाली, आजी तू बोल, मी मोबाईलवर घेते. म्हणून मी बोलतेय. मागचंपुढचं झालं तर सांभाळून घ्या.

आमची खोली लालबागला, चाळीच्या मागच्या अंगाला. खिडकीतून मिलची भिंत दिसायची आणि भिंतीच्या वर धुराडं. बाबा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, दोन साचे चालवायचे. साच्यांच्या आवाजानं त्यांना कमी ऐकायला यायचं, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे, प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडून. आई मसाला करायची. म्हणजे लोकांचा मसाला. मिरची आणायची, निवडायची, उन्हात घालायची, भाजायची आणि खाली कांडपाच्या जागेत तिघी बायका मिळून उखळीत कुटायच्या. एकीची मुसळ वर, दुसरीची खाली, तिसरीची मधे. ती लय एकदा लागली की बोलणंसुद्धा त्या लयीत व्हायचं. मला अजून झोप लागत नसली की मी तो आवाज मनात आणते. चाळीत नवीन भाडेकरू आला की महिनाभर ठसकायचा, मग त्याचं नाक मरायचं. आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, बाबीच्या टाळूलासुद्धा मिरचीचा वास. जेवायला कुळथाची पिठी, भात, कधी सुकट. आई म्हणायची, जगाचा मसाला करतंय आणि आपल्या आमटीत घालूक विसरतंय.

गिरगावातली प्रभू मंडळी आईची जुनी गिऱ्हाइकं. त्यांचा मसाला वेगळा असतो. त्यात गहू पडतो, चण्याची डाळ पडते, हिंग पडतो, आणि प्रत्येक घराचं माप निराळं. ते माप दुसऱ्या घराला सांगायचं नाही, आई कधीच सांगायची नाही. वाडीतल्या बायका तिला गोड बोलून विचारायच्या, "लक्ष्मी, डॉक्टरांकडे धणे किती घालतात गं?" आई म्हणायची, "माझा हात घालतो, मला कुठे मोजता येतंय." मसाल्याचे डबे पोचवायला मी तिच्याबरोबर जायची. एक डबा तिच्या डोक्यावर, एक माझ्या कमरेवर. ट्राममध्ये कंडक्टर आम्हाला मागच्या टोकाला उभं करायचा, कारण डबा कितीही घट्ट बांधला तरी पुढच्या माणसाला शिंक यायचीच.

त्या वाडीच्या तोंडाशी दत्ताचा छोटा मठ होता. दर गुरुवारी आरती, भजन, आणि शिरा. मठ चालवायचे दादाबुवा. पूर्वी कुठल्याशा शाळेत मास्तर होते. भगवे कपडे वगैरे नव्हते, धोतर आणि कोट. मठात येणारी माणसं शिकलेली, वकील, डॉक्टर, सरकारी कचेरीतले साहेब. आणि त्या वर्षांत त्यांच्याकडे एकामागून एक मोटारी यायला लागल्या. तेव्हा मोटार म्हणजे आजच्यासारखं नाही, आता माझा नातजावई फोनवर बोट फिरवतो आणि दारात गाडी येते. तेव्हा नवीन गाडीला नंबर लावून वर्षं वर्षं थांबायचे. मुलगी लग्नाची होईपर्यंत गाडी येईल, असं थट्टेनं बोलायचे.

मठात एक रीत होती. दुसरीकडे कुठे मी ती पाहिली नाही. गाडी घेतली की गुरुवारी आरतीनंतर मठासमोर आणून उभी करायची. चाकांखाली लिंबं, पुढे नारळ, दादाबुवा कुंकवानं स्वस्तिक काढायचे, झेंडूचा हार घालायचे. इथपर्यंत सगळीकडे असतं. पण मग पहिली फेरी मालकाच्या मर्जीनं नाही. त्याच्या घरातली नसलेली, आणि जिच्या घरात गाडी नाही अशी एक सवाष्ण मागच्या सीटवर बसवायची, तिची ओटी भरायची, आणि दादाबुवा विचारायचे, "कुठे जायचं?" ती सांगेल तिथे मालकानं गाडी न्यायची. नाही म्हणायचं नाही. दादाबुवा म्हणायचे, "गाडी आली की माणसाला वाटतं रस्ता आपलाच. पहिली फेरी दुसऱ्याच्या सांगण्यावरून मारली की जरा बरा राहतो."

आई त्यात आली ती अशीच. डॉक्टरांनी जुनी मॉरिस घेतली होती. बसायला येणारी बाई ऐन वेळी विटाळ येऊन बाजूला बसली, आणि आई समोरून डबा घेऊन चाललेली. दादाबुवा म्हणाले, "लक्ष्मी, बस गाडीत." आईला वाटलं डबा ठेवायला सांगतायत. तिनं डबा सीटवर ठेवला आणि बाहेर उभी राहिली. सगळे हसले. शेवटी डबा मांडीवर घेऊन बसली. कुठे जायचं विचारल्यावर म्हणाली, "ट्रामच्या नाक्यापर्यंत सोडा, म्हणजे मला चालायला नको." झाली फेरी. गाडीत मसाल्याचा वास बसला तो गाडी विकेपर्यंत गेला नाही. पण त्यानंतर डॉक्टरांचा दवाखाना असा काही चालायला लागला, की लोक जिन्यावर बसून राहायचे. मठात झालं, लक्ष्मीचा पायगुण.

मग काय, ज्याची गाडी येईल त्याला आईच पाहिजे. वकिलांची लँडमास्टर आली. ती म्हणजे आमच्या खोलीएवढी, वकिलांच्या घरात माणसंही तेवढी. एकांची हिलमन आली, फिकट निळी. बायका आईला विचारायच्या, कोणती बरी गं? आई कशाला काय सांगणार. तिला सगळ्या सारख्याच, बसायच्या आणि उतरायच्या. पण डॉक्टरांनी मॉरिस विकून फियाट घेतली, ती डुकराच्या तोंडाची म्हणून बाहेर लोक जिला डुक्कर फियाट म्हणायचे, मठात मात्र तो शब्द काढायची बंदी, त्या गाडीत बसून आई बोलून गेली, "हिच्यात पाठ टेकते हो." आदल्या दिवसभर कुटून तिची पाठ भरून आली होती, एवढंच. पण ते वाक्य वाडीभर झालं. लक्ष्मी म्हणाली फियाट चांगली. पुढच्या गुरुवारी दोघांनी फियाटला नंबर लावला, मग आणखी कोणी. मठात फियाटची साथच आली. आरती सुटली की एकसारख्या गाड्या, आणि एक भोळे गृहस्थ तर दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "चल रे, अजून कसली वाट बघतोस?" घरी येऊन आई बाबांना सांगायची आणि बाबा मोठ्यानं म्हणायचे, "लक्ष्मे, तू सगळ्या गाड्यांत बसतंस, माका एकदा तरी बसव." आई म्हणायची, "तुमचो पायगुण माका ठाऊक आसा."

आई प्रत्येक वेळी ट्रामच्या नाक्यापर्यंतच जायची. फार झालं तर चौपाटी. माईसाहेब तिला म्हणायच्या, "अगं, महालक्ष्मी सांग, वाळकेश्वर सांग. फुकटची फेरी आणि तू नाक्यावर उतरतेस." माईसाहेबांची जीभ तिखट, आई त्यांना मागे 'संकेश्वरी' म्हणायची, त्या तिखट मिरचीवरून. गोऱ्या, ठेंगण्या, नऊवारी, नाकात मोत्याची नथ. पण आम्ही गेलो की पहिलं विचारायच्या, काय खाल्लंत. नानासाहेब सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांना मी कधी दोनपेक्षा जास्त शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी फियाटला नंबर लावून इतकी वर्षं झाली होती, की वाडीतली पोरं त्यांना बघितलं की तोंडानं हॉर्न वाजवायची.

आणि मग ते दिवस आले. मुंबई आपली की नाही, यावरून गिरणगाव पेटलं होतं. बाबा काही पुढारी नव्हते. त्यांना भाषणं नीट ऐकूही यायची नाहीत. पण साचेखात्यातली माणसं निघाली की तेही निघायचे. त्या दिवशी आईनं विचारलं, "खंय?" तर म्हणाले, "फौंटन." डब्यात भाकरी घेतली नाही, म्हणाले परत येऊनच जेवतो. दुपारी गोळीबार झाल्याची बातमी आली. रात्रीपर्यंत चाळीतली बाकीची माणसं परत आली, कोणाचं डोकं फुटलेलं, कोणाचा सदरा फाटलेला. बाबांचे सोबती धोंडूकाका आले, ते दारातच बसले. आईनं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, मी त्याला पडताना बघितलं. कारंज्याच्या कठड्याजवळ. मग धावाधाव झाली. मग मला दिसला नाही."

आईनं ताटावर ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाबीला माझ्याकडे दिलं आणि गेली. इस्पितळाच्या फाटकाशी पोलीस. असल्या शेकडो बायका तिथे उभ्या. काठी आडवी धरून पोलीस म्हणायचे, आत जायचं नाही, उद्या या. चौकीवर गेली तर तिथे विचारलं, तुझा नवरा कशाला गेला होता तिकडे? मग ती परत आली. पुढल्या दिवशी पुन्हा तेच. दोन-तीन दिवस असेच गेले. चाळीत बायका हळू बोलायला लागल्या. एकीनं आईच्या कपाळाकडे बघून म्हटलंसुद्धा, "लक्ष्मे, एवढं मोठं कुंकू नको लावूस गं, बघणाऱ्याला कसंतरी होतं." आई म्हणाली, "मी बघितल्याबिगर पुसायची नाय." एवढंच. रडली नाही. मिरची निवडत बसली. मी तेव्हा तेरा-चौदाची. मला वाटायचं ही रडत का नाही. आता वाटतं, रडली असती तर झालंच असं धरलं गेलं असतं.

त्यातच वाडीतून निरोप आला. नानासाहेबांची गाडी आली, गुरुवारी आरतीला ये. त्यांना आमचं काहीच ठाऊक नव्हतं. आई निरोप घेऊन आलेल्या माणसाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "येते म्हणून सांगा." गंगूमावशी तिच्यावर चिडली. "अगं, शुभ कार्य त्यांचं. तुझं काय झालंय ते तुला माहीत नाही. उद्या कळलं तर ते लोक तुला जन्मात माफ करतील का?" आई म्हणाली, "गाडीला फाटक उघडतात." मला तेव्हा कळलं नाही ती काय म्हणते. तिनं फाटकाशी उभं राहून तेच बघितलं होतं. पायी आलेल्यांना काठी आणि गाडी आली की सलाम.

ट्राम बंद होत्या. आम्ही चालत गेलो. आईनं तिचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. वाटेत काचा, दगड, जळलेले टायर. मी विचारलं, पाय दुखतात का? तर म्हणाली, "गप चल." मठासमोर गाडी उभी होती, करड्या रंगाची, अंगावर कागदसुद्धा नीट काढलेले नाहीत. गावात इतकं घडलेलं, तरी हार, नारळ, सगळं होतं, फक्त माणसं कमी आणि आवाज कमी. नानासाहेब नवा कोट घालून. माईसाहेबांनी आईला ओवाळलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. म्हणाल्या, "लक्ष्मी, तोंड का असं? उपास आहे?" आई मागच्या सीटवर बसली, मला शेजारी ओढलं. पुढच्या सीटवर नानासाहेब. दादाबुवांनी खिडकीत वाकून नेहमीसारखं विचारलं, "काय लक्ष्मी, नाका की चौपाटी?"

आई म्हणाली, "मोठ्या इस्पितळात. माझा माणूस फौंटनला गेला तो आला नाही. पायी गेले तर आत सोडत नाहीत. आधी खाटांवर बघू. नसला तर मुडदेघरात."

वाडीत कुठेतरी पितळेचं भांडं पडलं, ते गोल गोल फिरत थांबलं, तेवढं मला ऐकू आलेलं आठवतं. माईसाहेबांच्या हातात आरतीचं ताट. त्या म्हणाल्या, "अगं बाई, नवीन गाडी. पहिली फेरी. मुडदेघरात?" मग दादाबुवांकडे वळून, "तुम्ही सांगा हो काहीतरी." रीत त्यांचीच. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाले, "लक्ष्मी, आज चौपाटीला जाऊन ये. नारळ वाढवलाय. मग उद्या कोणीतरी नेईलच तुला." आई म्हणाली, "उद्याच म्हणतायत सगळे." तिनं आवाज चढवला नव्हता. आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे, तिला हळू बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

नानासाहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. मला त्यांची फक्त मान दिसत होती. सरकारी माणूस, ज्या मोर्च्यावर सरकारनं गोळी घातली त्या मोर्च्यातल्या माणसाला शोधायला जायचं, तेही स्वतःच्या गाडीतून, दिवसाढवळ्या. हे मला आता कळतं. डॉक्टर पुढे होऊन म्हणाले, "नाना, विचार कर. कोणी बघितलं तर." नानासाहेब म्हणाले, "विचारलं कशाला मग तिला, कुठे जायचं?" आणि गाडी सुरू केली. सुरू केली ती गचका खाऊन बंद पडली. ते नुकतेच शिकले होते. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि माईसाहेब ताट डॉक्टरीणबाईंच्या हातात देऊन आत शिरल्या. "सरक गं पोरी." मग आईला, "तू सकाळपासून काही खाल्लंयस का? आणि एवढं घडलं तरी माझ्या दारात येऊन तोंडातून शब्द काढायचा नाही? मी काय वाघीण आहे?" आई म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर ओटी भरली असती?" माईसाहेब मग खरं तेच बोलल्या. "नसती भरली."

गाडी धक्के खात चालली. चौकाचौकात बंद पडायची. एका ठिकाणी पोलिसानं हात केला तेव्हा नानासाहेब इतके घाबरले, की गाडी थांबवायच्या ऐवजी हॉर्नच वाजवला. पोलिसानं हार बघितला, कुंकू बघितलं, आणि हसून जाऊ दिलं. माईसाहेब म्हणाल्या, "अहो, जरा हळू." नानासाहेब म्हणाले, "यापेक्षा हळू चालत जावं लागेल." आईच्या ओठांना किंचित हसू आलेलं मी बघितलं. इस्पितळाच्या फाटकाशी त्याच बायका उभ्या होत्या. गाडी दिसली तशी काठी बाजूला झाली. रखवालदारानं सलाम केला. आईनं पदर तोंडावर घेतला, त्या बायकांनी तिला बघू नये म्हणून असेल.

खाटांवर बाबा नव्हते. नानासाहेब इंग्रजीत विचारत पुढे, आई मागे. मग दोघं खाली आले आणि गाडीशी येऊन नानासाहेब म्हणाले, "लक्ष्मीबाई, तुम्ही इथे बसा. तिकडे मी बघून येतो. मला सांगा कसे दिसतात." आई म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी बघितलंच नाय." इतकी वर्षं मसाला जात होता त्या घरात, पण बाबांना त्यांच्यातल्या कोणी बघितलेलं नव्हतं. आई पुढे म्हणाली, "उंच नाय. डाव्या आंगठ्याक नख नाय, साच्यात गेला." मग तिच्या लक्षात आलं की आपण मालवणीत बोलतोय, आणि ती थांबली. म्हणाली, "मीच जाते." नानासाहेब तिच्याबरोबर गेले. माईसाहेबांनी माझा हात धरून ठेवला. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्या मला एकदम म्हणाल्या, "तुझी आई मला मागे काय म्हणते गं? संकेश्वरी ना?" मी मान डोलावली. "मिरची चांगली आहे ती," त्या म्हणाल्या.

आई आली. दार उघडून उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, "आपला नाय." मग माईसाहेबांनी भरलेल्या ओटीतला तो हिरवा खण तिनं सीटवरून उचलला. म्हणाली, "आत एक पोर आहे. विशीचं असेल. त्याचं कोणी आलंच नाय म्हणतात. तोंडावर माश्या बसतायत." माईसाहेब खणाकडे बघत राहिल्या. तो त्यांच्या गाडीच्या शुभाचा खण. आई परत आत गेली, आणि रिकाम्या हातांनी आली. नानासाहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या नव्या कोटाला चुना लागला होता.

मला वाटलं आता परत. नानासाहेबांनी गाडी सुरू केली, या वेळी ती एकदाही बंद पडली नाही, आणि वाडीकडे न वळता ते सरळ निघाले. माईसाहेबांनी विचारलं, "आता कुठे?" ते म्हणाले, "तुरुंगावर. फेरी संपलेली नाही." तिथे ते एकटे आत गेले. आम्ही तिघी गाडीत. ऊन तापलं होतं, हारातली फुलं सुकून काचेवर पडत होती. माईसाहेबांनी ओटीतला नारळ माझ्या हातातून घेतला, उतरून दगडावर फोडला आणि आम्हाला एक एक तुकडा दिला. आईनं तो नुसता हातात धरला. मग नानासाहेब येताना दिसले. ते चालत होते त्यावरून काही कळत नव्हतं, ते नेहमीच तसे चालायचे. खिडकीत वाकून म्हणाले, "आहेत. हात मोडलाय. हवालदार म्हणाला, हाक मारली तर ओ देत नाही. मी सांगितलं, त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्यानं मारा."

आईनं तो खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिली. चावता चावता रडायला लागली, आवाज न करता. माईसाहेबांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. आईच्या केसांना मिरचीचा वास, माईसाहेबांना ठसका लागला. तशाच बसून राहिल्या दोघी, एक रडतेय, एक खोकतेय. पुढे नानासाहेब दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होते.

बाबा पुढे सुटून आले. हात वाकडा जुळला, साचे गेले, मग ते एका गोदामावर राखणदारी करायचे. ते दिवस कसे काढले ते इथे सांगत बसत नाही. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत पेढे वाटले, बाबांनी डाव्या हातानं खाल्ला. मठात मात्र त्या गाडीबद्दल कुजबूज व्हायची, पहिली फेरी मढ्याची म्हणून. तिच्यातून कोणी नाक्यापर्यंतसुद्धा यायचं नाही. पुढच्या गाड्यांना दादाबुवांनी दुसरी सवाष्ण शोधली, आणि कुठे जायचं हे तिला अगोदर सांगून ठेवायला लागले. मी आईला विचारलं, तुला वाईट वाटतं का? म्हणाली, "बसून बसून कंबर धरायची माझी." नानासाहेबांना कचेरीत काहीतरी विचारणा झाली होती, माईसाहेब एकदा ओझरतं बोलल्या, पुढे काही सांगितलं नाही. पण त्यांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही. उन्हाळ्यात मसाला न्यायला माईसाहेब स्वतः त्यातून लालबागला यायच्या. चाळीच्या तोंडाशी नानासाहेब गाडी उभी करायचे, बाबा खाली जाऊन त्यांच्याशी ओरडून बोलायचे, आणि नानासाहेब, जे कोणाशी बोलत नसत, तेही ओरडून उत्तर द्यायचे.

आई जाईपर्यंत मुडदेघरातल्या त्या पोराचं नाव काढायची. नाव म्हणजे काय, नाव ठाऊकच नव्हतं. 'तो मुलगा' म्हणायची. बाबा घरात आहेत, जेवतायत, आणि मधेच म्हणायची, "त्या मुलाच्या घरी काय झालं असेल?" तिनं मला त्याचं वर्णन इतक्या वेळा सांगितलंय, की मीच त्याला बघितल्यासारखं वाटतं. केस कुरळे. उजव्या भुवईत जुनी खोक, तेवढ्यात केस नाहीत. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, आणि त्याचं मधलं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं, लाल दोऱ्यानं टाचलेलं. आई म्हणायची, ते कोणीतरी घाईत टाचलंय, दारात उभं करून, अंगावरच.

हे वाचणाऱ्याला माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातला, नात्यातला, गावातला असा कोणी त्या वेळी मुंबईत निघून गेला आणि परत आला नाही असं तुमच्या ऐकण्यात असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भुवईचं विचारा, बटणाचं विचारा. तो तोच निघाला, तर त्यांना सांगा की तो तिथे उघडा पडून राहिला नाही. लालबागच्या एका बाईनं त्याचं तोंड झाकलं होतं.